पत्रिकेतला मॅनेजर

मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, पण ते छापून बोललो आणि आठशे घरांत वाटलं. वरून हळदकुंकू लावून.

माझं नाव गुरुपादप्पा. लातूरच्या आडत बाजारात तूर-सोयाबीनचं माझं दुकान आहे आणि चाळीस वर्षं मी एकाच गादीवर बसलोय. आमच्यात सौदा तोंडी ठरतो, कागद नंतर होतो. मधल्या वेळात भाव चढो की पडो, गुरुपादप्पा शब्द फिरवत नाही, हे हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत कुणालाही विचारा. मी रागीट आहे, हेही तेच लोक सांगतील. दोन्ही खरं आहे.

खोटं बोललो ते थोरल्या मुलीच्या, मंजुश्रीच्या लग्नात. मुलगा नांदेडचा, नाव संगमेश्वर. आपल्यातलाच, बी.एस्सी. झालेला, सुपारीचंही व्यसन नाही. मध्यस्थ म्हणाला होता, "औषध कंपनीत हाय, डॉक्टर लोकांत उठबस हाय." मी तेवढ्यावरच खूश झालो. मग सोयरीक पक्की झाल्यावर एक दिवस हे जावईबापू मोटरसायकलवर लातूरला आले आणि त्यांच्या खांद्याला मला ती बॅग दिसली. काळी, फुगलेली, पट्टा दोनदा शिवून घेतलेली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपला जावई दवाखान्या-दवाखान्यात बॅग घेऊन हिंडणारा एम.आर. आहे.

माझं डोकंच फिरलं. माझ्या दुकानात हमाल पोती उचलतात, दिवाणजी लिहितो आणि मी बसतो. उचलणारा कोण आणि बसणारा कोण, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. पण मंजुश्रीला मुलगा आवडला होता, आणि राग या एका बाबतीत पोरगी माझ्यावरच गेलीय. म्हणून मी तिच्याशी वाद घातला नाही. प्रेसवाल्याकडं पत्रिकेचा मजकूर देताना नवरदेवाच्या नावापुढं गुपचूप दोन शब्द वाढवले. 'बी.एस्सी., एरिया मॅनेजर.'

कच्ची प्रत बघून संगमेश्वरचा फोन आला.

"मामा, ते मॅनेजर तेवढं काढा. मी मॅनेजर न्हाई."

"आज न्हाई तर उद्या होताल की."

"झालो की मग छापू."

"आता कसं काढायचं? पाचशे छापून झाल्यात," मी म्हणालो. तेव्हा एकही छापली नव्हती. म्हणजे खोटं दोनदा झालं म्हणा.

लग्न थाटात झालं. त्यानंतर कंपनीची मीटिंग लातूरला असली की संगमेश्वर दुकानात डोकवायचा. गादीवर चार लोक बसलेले असायचे. मी डोळ्यानंच खुणवायचो. तो मागच्या गोदामात जायचा, तुरीच्या पोत्यांमागं बॅग ठेवायचा आणि हात झटकत येऊन बसायचा. लोक विचारायचे, "काय मॅनेजरसाहेब, काय म्हणतंय नांदेड?" तो नुसता हसायचा. मला वाटायचं, चला, रुळला पोरगा.

अशी तीन वर्षं गेली. मग कंपनीनं पोरांचे रविवार काढून घ्यायला सुरुवात केली. रविवारी गावोगाव रक्तातली साखर तपासायची शिबिरं लावायची, टेबलं मांडायची, डॉक्टरांना आणायचं-सोडायचं, आणि सोमवारी सकाळी पुन्हा नेहमीचा फेरा आहेच. संध्याकाळचा तर हिशेबच नव्हता. नांदेड जिल्ह्यातल्या बारा जणांनी कंपनीला लिहून दिलं, की रविवारचं आणि जादा वेळेचं काम करतो, पण त्याचा पगार द्या. कंपनीनं कळवलं, तुम्ही अधिकारी आहात, अधिकाऱ्याला जादा तासाचा पगार नसतो. बारा जण कामगार न्यायालयात गेले. पहिलं नाव आमच्या जावयाचं होतं.

मंजुश्रीनं हे सांगितल्याबरोबर मी त्याला फोन लावला. "लोक तुम्हाला मॅनेजर म्हणतात आन तुम्ही हमालासारखी जादा मजुरी मागून राहिलाव?"

तो शांतपणे म्हणाला, "मामा, तुमच्याकडं हमालानं जादा पोती उचलली तर तुम्ही देता का न्हाई?"

"देतो."

"मग झालं की."

मी फोन आपटला. मोबाइल आपटायचा नसतो हे रागात लक्षात राहत नाही. काच गेली.

महिनाभरानं एक पांढऱ्या केसांचा माणूस दुकानात आला. नाव शेषेराव, तीस वर्षं एम.आर.ची नोकरी केलेला आणि आता त्यांच्या संघटनेचं काम बघणारा. त्यानं पाणीही घेतलं नाही. एक कागद गादीवर ठेवला. बघतो तर माझीच पत्रिका. झेरॉक्स, कोपऱ्यात शिक्का मारलेली.

"कंपनीनं कोर्टात दिलीय, अप्पा. ते म्हणतात, हा गडी स्वतःला जगजाहीर मॅनेजर म्हणवून घेतो आन आता कामगार हाय म्हणतो. मॅनेजरला ह्यातलं काहीच मिळत न्हाई."

"त्यांच्याकडं कशी गेली ही?"

"संगमेश्वरचे मोठे साहेब लग्नाला आले व्हते. त्यांनी जपून ठेवली."

मला तो साहेब आठवला. पंगतीत त्याच्या पानात मी स्वतःच्या हातानं दोनदा जिलबी वाढली होती.

शेषेराव म्हणाला, "संगमेश्वर पडला की बाकीचे अकरा बी पडतात. तुम्ही फकस्त साक्षीला या आन सांगा, की हे तुम्ही तुमच्या मनानं छापलं. त्यानं मला सांगितलं व्हतं, मामांना इचारू नका. मी त्याच्या परस्पर आलोय."

मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. दुसरं काय करणार? परगावच्या कोर्टात उभं राहून, शपथ घेऊन, मी खोटारडा आहे म्हणून सांगायचं? चाळीस वर्षं ज्या शब्दावर दुकान चाललं तो शब्द? आणि नेमकं त्याच वेळी धाकट्या अंजूची सोयरीक जमत आली होती. मुलाचे वडील उदगीरचे विरूपाक्ष, किराण्याचे ठोक व्यापारी, घरंदाज माणूस. त्यांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं, "थोरले जावई मॅनेजर हायत म्हणं?" आणि मी मान हलवली होती.

घरी बायकोला, कमलम्माला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, "छापलं तुमी आन निस्तरावं त्या लेकरानं?" त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. मी सकाळची एसटी धरून नांदेडला गेलो. साक्ष द्यायला नव्हे. जावयाची समजूत घालायला, की बाबा, केस मागं घे, घरातली अब्रू घरात राहू दे. जाऊन बघतो तर हा बूट घालून दारात उभा.

"मामा, बसा तुम्ही. जेवा. मी संध्याकाळी येतो."

"आज रविवार हाय."

"तेच तर भांडण हाय."

"मी बी येतो मग," मी म्हणालो. गाडीवर निवांत बोलता येईल असं मला वाटलं. त्यानं बॅग पुढं टाकीवर घेतली, मला मागं बसवलं आणि आम्ही निघालो. वाऱ्यात एक शब्द ऐकू आला असेल तर शपथ.

अर्धापूरला एका शाळेत शिबिर होतं. बाहेर रस्त्यावर केळीचे ट्रक लागलेले, आत म्हाताऱ्या माणसांची रांग. संगमेश्वरनं टेबलं ओढली, सतरंजी अंथरली, पाण्याचा जार खांद्यावरून आणला, डॉक्टरांची खुर्ची पुसली. एक म्हातारी चष्मा विसरून आली होती, तिला हाताला धरून बसवलं. मी बघत होतो. शेवटी राहवलं नाही.

"जावईबापू, तुमची माणसं कुठं हायत?"

"कोणची माणसं?"

"हाताखालची."

त्यानं बॅगेवर थाप मारली. "ही एकटीच हाय बघा. आन ती बी माझ्याच खांद्यावर असती."

तिथून भोकर. एका दवाखान्याबाहेर पाटी होती, 'एम.आर. यांनी शेवटच्या पेशंटनंतर भेटावे.' बाकावर आम्ही सव्वादोनला बसलो. पेशंट येत होते, जात होते. आमच्यानंतर आलेले आत जाऊन बाहेर आले. बाकावर बसून बसून माझी कंबर धरली. एरवी माझ्याच दुकानात मला कुणी दहा मिनिटं थांबवलं तर मी घर डोक्यावर घेतो. हा सरळ पाठीनं बसून होता, बूट पुसलेले, शर्टाची घडी न मोडलेली. पावणेपाचला आत बोलावणं आलं. तोवर त्याच्या पोटात सकाळच्या पोह्यांशिवाय काही नव्हतं.

तो मलाही आत घेऊन गेला. "हे माझे सासरे," म्हणून ओळख करून दिली, आणि मग नव्या गोळीची माहिती सांगायला लागला. मला त्यातलं काही कळलं नाही. पण डॉक्टरांनी मधेच विचारलं, "किडनीचा त्रास असलेल्यांना चालेल का ही?"

"न्हाई सर. त्यांना देऊ नका. आमच्याकडं त्यांच्यासाठी गोळी न्हाई. दुसऱ्या कंपनीची हाय, ती बरी."

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. "अप्पा, तुमचा जावई नाही म्हणतो तेव्हा ते खरंच नाही असतं. म्हणून त्याचं हो मी ऐकतो."

मी खुर्चीत ताठ झालो. आमच्या धंद्यात माल घेण्याआधी वानगी बघतात, मूठभर नमुना. लबाड माणूस पोत्याच्या तोंडाला चांगला दाणा ठेवतो आणि तोच उचलून दाखवतो. मी आयुष्यभर पोत्याच्या पोटात हात घालून वानगी काढली. माल डागी असेल तर गिऱ्हाईक विचारायच्या आधी सांगितलं, आणि त्या एका गोष्टीवर बाजारात ताठ मानेनं वावरलो. इथं भोकरच्या त्या एवढ्याशा खोलीत, उपाशीपोटी, साहेबाचा डोळा नसताना, माझा जावई स्वतःच्या मालाचा डाग स्वतः सांगत होता. माझी छाती भरून आली. आणि लगेच लाजही वाटली, कारण अशा चोख मालावर खोटी चिठ्ठी मी चिकटवली होती.

परतताना वाटेत चहाला थांबलो. मी विचारलं, "तारीख कधी हाय?"

"कशाची?"

"कोर्टाची."

त्यानं कप खाली ठेवला. "मामा, अंजूचं जमून राहिलंय. तुम्ही त्यात पडू नका."

"मीच पाडलंय, मीच उभं करतो," मी म्हणालो. आवाज चढला असावा, कारण चहावाला वळून बघायला लागला.

दुसऱ्याच दिवशी उदगीर गाठलं. विरूपाक्षांना समोरासमोर सांगितलं. "थोरला जावई मॅनेजर न्हाई, एम.आर. हाय. पत्रिकेत मी खोटं छापलं आन तुम्ही इचारलं तेव्हा मान बी हलवली. कोर्टातून तुमच्या कानावर येण्याआधी माझ्या तोंडून यावं म्हणून आलो."

विरूपाक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "इचार करून कळवतो," म्हणाले. दुपारची वेळ होती, तरी जेवून जा म्हणाले नाहीत. उदगीरच्या माणसानं दुपारी आलेल्याला जेवून जा म्हटलं नाही, तर काय समजायचं ते मी समजलो. घरी आल्यावर अंजूला सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा, खोट्यावर जमलं असतं तर मी तिकडं काय तोंडानं राहिले असते?" माझ्या पोरी माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्यात. आईवर गेल्या असतील.

साक्षीच्या दिवशी मी पांढरं धोतर नेसलो, कपाळाला भस्म लावलं, गळ्यातलं इष्टलिंग डोळ्याला लावलं आणि नांदेडच्या कामगार न्यायालयात जाऊन उभा राहिलो. बारा पोरं मागच्या बाकांवर ओळीनं बसली होती. बाराही जणांच्या पायाशी बॅगा होत्या, कारण इथून सुटल्यावर पुन्हा कामाला जायचं होतं.

कंपनीचे वकील पुण्याहून आलेले. त्यांनी पत्रिका माझ्यापुढं धरली.

"ही तुम्ही छापली?"

"हाव."

"यात 'एरिया मॅनेजर' लिहिलंय. ते खरं आहे?"

"न्हाई. खोटं हाय. मी लिवलं. पोरानं काढा म्हणून फोन केला व्हता. त्याला बी मी खोटंच सांगितलं, की छापून झाल्यात."

कोर्टात हशा झाला. पण आता मागं फिरायचं नव्हतं.

"असं का केलंत?"

"त्याच्या बॅगेची मला लाज वाटली."

हशा थांबला. मागं बसलेल्या संगमेश्वरनं मान खाली घातली. मला वाटतं, ते वाक्य त्याला तीन वर्षं माहीत होतं, पण माझ्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होता.

वकील हुशार होते. म्हणाले, "म्हणजे स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी तुम्ही खोटं बोलता, हे तुम्हीच कबूल करताय. मग आज जावयासाठी खोटं बोलत नाही, हे कोर्टानं कशावरून मानायचं?"

इथं माझं डोकं तापलं. "साहेब, मी येपारी हाय. माणूस खोटं फायद्यासाठी बोलतो. तवा माझी इज्जत वाढायची व्हती. आज चाळीस वर्षांची इज्जत इथं ह्या लाकडावर उतरवून ठेवून राहिलोय. धाकट्या लेकीची सोयरीक अडकून पडलीय. ह्यात माझा फायदा काय, तेवढा तुम्ही सांगा. मी आत्ता खाली उतरतो."

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "हळू बोला."

"हळूच बोलतोय," मी म्हणालो. विरूपाक्षांपुढं हलवलेली मान धरली तर हे चौथं खोटं.

"आन बाईसाहेब, मॅनेजर म्हंजे काय ते मला ठावं हाय. माझ्या दुकानात मीच मॅनेजर हाय. मी बसतो, दुसरे उचलतात. ह्या पोराचा बाकड्यावरून नंबर लागतो तो बी सगळ्यांच्या शेवटी, आन उचलायला त्याच्यावाचून कुणी न्हाई. मी त्याच्यासंगं भोकरला जाऊन बघून आलोय. ह्यो मॅनेजर न्हाई. काम करणारा माणूस हाय. आन लई चोख काम करणारा हाय."

वकिलांनी पत्रिका घडी करून ठेवली.

निकालाला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत बाजारानं माझी यथेच्छ टिंगल केली. "अप्पा, भाचीचं लग्न हाय, नवरा शिपाई हाय, काय छापू? कलेक्टर?" मी ऐकून घेतलं. एरवी एकेकाला उभा सोलला असता. पण गंमत अशी, की सौद्याला कुणी मागं सरलं नाही. उलट दोन जुने आडते म्हणाले, माणूस कोर्टात जाऊन स्वतःचं खोटं कबूल करतो, त्याच्या तोंडी सौद्याला काय भ्यायचं. उदगीरहून मात्र काहीच कळलं नव्हतं.

मग एका दुपारी मंजुश्रीचा फोन आला. ती रडत होती, म्हणून आधी मी घाबरलो. "अप्पा, जिंकले! बाराच्या बारा जिंकले." ते मॅनेजर नाहीत, कामगार आहेत, आणि रविवारचा, जादा वेळेचा पगार कंपनीनं द्यायचा, असं कोर्टानं म्हटलं होतं. कंपनी वरच्या कोर्टात जाणार अशी बोलवा होती. जाऊ दे म्हटलं. लागली तर साक्ष पुन्हा देऊ, आता मला सवय झालीय.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. गादीवर तीन-चार व्यापारी बसले होते, आणि अचानक विरूपाक्ष आले. "सोयाबीनचा भाव बघायला आलो," म्हणाले. उदगीरात काय भाव कळत नाहीत? पण मी लोडाला टेकून बसा म्हटलं, चहा सांगितला.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. संगमेश्वर आला. मीटिंग होती लातूरला. खांद्याला तीच काळी बॅग, शिवलेला पट्टा, उन्हानं तोंड रापलेलं. त्यानं गादीवरची माणसं बघितली. मला नमस्कार केला. आणि मी काही खुणवलंही नव्हतं, तरी तो मुकाट्यानं वळला आणि मागच्या गोदामाकडं चालू लागला.

पोरगा कोर्टात जिंकून आला होता, आणि माझ्या दुकानात बॅग लपवायला निघाला होता. ही सवय त्याला मी लावली होती.

"जावईबापू, थांबा," मी ओरडलोच. उठलो, चपला न घालता गेलो आणि त्याच्या खांद्यावरून बॅग काढून घेतली. आईशप्पथ सांगतो, खांदा खाली गेला माझा. इतकी जड असेल असं मला वाटलंच नव्हतं. तसाच ती घेऊन सगळ्यांसमोरून चालत आलो आणि गादीवर, माझ्या बैठकीशेजारी, लोडाला टेकवून ठेवली.

"मामा, नका. गादी खराब होईल, धूळ हाय तिला."

"भोकरची धूळ हाय. राहू द्या," मी म्हणालो. मग व्यापाऱ्यांकडं वळून मोठ्यानं सांगितलं, "हे आमचे थोरले जावई. औषध कंपनीत एम.आर. हायत. ह्यांची बॅग आजपासून इथं बसंल."

मग विरूपाक्ष थोडे सरकले. बॅगेला आणि संगमेश्वरला, दोघांनाही पुरेल एवढी जागा करून दिली. म्हणाले, "बसा पाव्हणं." आणि माझ्याकडं बघून, "अप्पा, अंजूच्या साखरपुड्याची तारीख काढा. पत्रिका मातर मी छापून घेतो. तुमचा भरवसा न्हाई."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो, आणि हसता हसता डोळे पुसले. संगमेश्वर माझ्या शेजारी मांडी घालून बसला, पहिल्यांदाच हात न झटकता.

तो गेल्यावर बघितलं तर गादीच्या पांढऱ्या चादरीवर बॅगेचा मातकट चौकोन उमटला होता. दिवाणजी चादर बदलायला आला. मी त्याला आठ दिवस हात लावू दिला नाही.